प्लॅस्टिकच्या घरातला लाल कोळी



वसंतातील व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, साहित्य असे भारदस्त विषय यावेत आणि त्यांच्या पंक्तीला साध्या डोळ्यांना धड न दिसणारा एक कोळी येऊन बसावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शेतीचा विषय शेतकऱ्यांच्या मेळाव्यात शोभतो, शहरातल्या सभागृहात त्याचे काय काम, अशीही शंका कोणाच्या मनात येईल. परंतु ज्या गुलाबांचा गुच्छ आपण समारंभात पाहुण्यांच्या हाती देतो, जी पिवळी-तांबडी ढोबळी मिरची मंडईतून आणतो, जी काकडी कोशिंबिरीसाठी चोचवतो, ती आता पुष्कळदा उघड्या रानात वाढलेली नसते. ती प्लॅस्टिकच्या घरात वाढलेली असते. त्या घरात काय फवारले जाते आणि का फवारले जाते, हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच आपलाही आहे. शिवाय हे चैत्र-वैशाखाचे दिवस म्हणजे या कोळ्याच्या भरभराटीचे दिवस. तेव्हा विषय निदान हंगामाला धरून आहे, एवढे तरी अध्यक्षमहाराज मान्य करतील.

प्रथम घराविषयी थोडे सांगू. थंड देशांत काचेच्या घरात भाजीपाला आणि फुले वाढविण्याची रीत जुनी आहे. पण काच महाग. अमेरिकेत केंटकी विद्यापीठात ई. एम. एमर्ट नावाचे प्राध्यापक होते. काचघराचा खर्च झेपेना म्हणून त्यांनी १९४८ साली लाकडी सांगाड्यावर सेलोफेनचा पारदर्शक कागद ताणून घर उभे केले, आणि पुढे सेलोफेनच्या जागी पॉलिथीन आले. आज ज्याला आपले शेतकरी 'पॉलिहाऊस' म्हणतात, त्याचा मूळपुरुष तो. आपल्याकडे तळेगाव आणि एकूण मावळ भागात गुलाबाची अशी घरे उभी राहिली. फेब्रुवारीच्या चौदा तारखेसाठी तेथील गुलाब परदेशी जाऊ लागले. दहा-वीस गुंठ्यांचे घर, त्यासाठी काढलेले बँकेचे कर्ज, आणि त्या कर्जाच्या हप्त्यांवर नजर ठेवून फुले खुडणारे कुटुंब, असे या धंद्याचे सर्वसाधारण रूप आहे.

आता त्या घरात न बोलावता येणाऱ्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. आपले शेतकरी त्याला लाल कोळी म्हणतात. शास्त्रीय नाव टेट्रानिकस अर्टिसी. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नाव लाल असले तरी पुष्कळदा तो फिकट हिरवा-पिवळा असतो आणि त्याच्या पाठीवर दोन काळसर ठिपके दिसतात. हा कीटक नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कीटकाला सहा पाय. याला अंड्यातून निघताना सहा असले तरी पुढे आठ होतात. त्याचे गोत्र कोळी, विंचू आणि गोचीड यांचे. एवढीशी गोष्ट, पण तिच्यामुळे शेतकऱ्याचे हजारो रुपये वाया जातात. कारण किडीला मारणारे औषध याला मारीलच असे नाही.

पानाच्या खालच्या बाजूस बसून तो सुईसारख्या तोंडाने एकेक पेशी फोडतो आणि तिच्यातला रस शोषून घेतो. वरून पाहिले तर पानावर बारीक पांढरट-पिवळे टिपके दिसतात, जणू कोणी रवा भुरभुरला आहे. मग पान फिकट होते, तांबूस पडते, गळते. दरम्यान पानापानांतून रेशमासारखे जाळे विणले जाते. ते जाळे दिसू लागले, म्हणजे शत्रू येऊन वेशीवर ठेपला असे समजू नये. तो केव्हाच वाड्यात शिरून गादीवर बसलेला असतो.

त्याच्या वाढीचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. तीस अंशांच्या आसपास उष्णता असली की अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. एक मादी आपल्या आयुष्यात शंभराच्या घरात अंडी घालू शकते. आपण हात राखून धरू आणि एका मादीमागे फक्त वीस माद्या जगल्या असे मानू. पहिल्या पिढीत वीस, दुसरीत चारशे, तिसरीत आठ हजार. म्हणजे शेतकरी एखाद्या लग्नकार्यासाठी गावाला गेला आणि परतल्यावर आणखी काही दिवस त्याचे लक्ष गेले नाही, तर एका मादीचा आठ हजारांचा वंश महिना-सव्वा महिन्यात उभा राहतो. आणखी एक चमत्कार असा की, मादीला नर भेटला नाही तरीही ती अंडी घालते. त्या अंड्यांतून केवळ नर निघतात. पुढे त्यांच्याशी संयोग होऊन माद्याही जन्माला येतात. सारांश, एक मादी म्हणजे एक वसाहत.

असे असूनही उघड्या रानात सगळे जग या कोळ्याने खाऊन टाकलेले नाही. का? कारण तेथे पाऊस त्याला झोडपून खाली पाडतो, आणि त्याचे शत्रू त्याला खातात. बारीक काळे ढालकिडे, काही जातींचे फुलकिडे, आणि विशेष म्हणजे त्याच्याच कुळातले, पण पानाऐवजी कोळ्यांवर जगणारे परभक्षी कोळी, असा त्याच्यामागे मोठा ससेमिरा असतो. आपण प्लॅस्टिकचे घर बांधले तेव्हा पाऊस बाहेर ठेवला, वारा अडवला, उष्णता कोंडली, आणि बारमाही हिरवेगार पान पुरविले. जाळी लावून शत्रूंनाही बाहेर थोपविले. कोळी मात्र रोपांबरोबर, कामकऱ्यांच्या कपड्यांना चिकटून, वाऱ्यावर तरंगत आत आलाच. म्हणजे जे घर आम्ही पिकासाठी बांधले असे आपण म्हणतो, ते त्याच्यासाठीही बांधले गेले. आजच्या व्याख्यानात आम्हांला जे सांगायचे आहे त्याचे बीज येथे आहे: निसर्गाचा एक तुकडा ज्याने भिंती घालून वेगळा केला, त्याने भिंतीबाहेर राहिलेले काम आपल्या अंगावर घेतले असे समजावे. ते काम औषधाच्या बाटलीवर सोपवून मोकळे होता येत नाही.

बाटलीवर सोपवून पाहिले गेले, त्याचा इतिहास बोलका आहे. १९२६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका टोमॅटो-उत्पादकाला पांढऱ्या माशीची काही पिले काळी पडलेली दिसली. चेशंट येथील संशोधन केंद्रातील स्पायर यांनी पाहिले तो त्या पिलांच्या पोटात एक इवलीशी गांधीलमाशी वाढत होती. तिचे नाव एन्कार्सिया. केंद्राने ती वाढवून बागवानांना पुरविण्यास आरंभ केला आणि अनेक वर्षे ती कामास आली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. आले. जे काम गांधीलमाशी पंधरा दिवसांनी करी ते पावडर एका रात्रीत करू लागली. मग गांधीलमाशीला कोण विचारतो? तिचा पुरवठा बंद पडला.

डी.डी.टी.ने पांढरी माशी मेली, परभक्षी कोळी मेले, ढालकिडे मेले. लाल कोळी मात्र फारसा मेला नाही. शत्रू नाहीसे झालेले पाहून तो असा माजला की, तोवर दुय्यम गणली जाणारी ही कीड महायुद्धानंतर मुख्य कीड होऊन बसली. मग पॅराथिऑनसारखी जहाल औषधे आली. त्यांनी कोळी मेला. परंतु १९५० च्या आसपासच अमेरिकेतील गुलाबांच्या काचघरांतून त्यांना दाद न देणारे कोळी आढळू लागले. त्यानंतरची कथा म्हणजे याच कथेची पारायणे. आजवर नव्वदांहून अधिक निरनिराळ्या औषधद्रव्यांना न जुमानणारे लाल कोळी जगात कोठे ना कोठे नोंदले गेले आहेत. याचे एक कारण त्याच्या जन्माच्या तऱ्हेतच आहे. बीज न पावलेल्या अंड्यातून निघालेल्या नरात गुणसूत्रांचा एकच संच असतो. औषध पचविण्याचा गुण त्या संचात असेल तर तो झाकला जात नाही. फवाऱ्यातून असा नर वाचतो आणि तोच गुण पुढच्या पिढीला देतो. भराभर होणाऱ्या पिढ्या, बंद घर, आणि आठवड्याला फवारणी. याहून चांगली तालीम कोणत्या पहिलवानाला मिळाली असती?

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पॉलिहाऊसमध्ये कोळी एकटा नसतो. फुलकिडे असतात, मावा असतो, पांढरी माशी असते, ढोबळी मिरचीचे शेंडे वाकडे करणारा आणखी एक अतिसूक्ष्म कोळी असतो. फुलकिड्यांवर किंवा माशीवर म्हणून जी औषधे मारली जातात, त्यांतली कित्येक, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील, लाल कोळ्याची वाढ करतात. कारण ती त्याच्या शत्रूंचा निःपात करतात. शेतकरी म्हणतो, "फवारले, तरी वाढले." खरे पाहता फवारले म्हणूनच ते वाढलेले असते.

यातून वाट कशी निघाली? १९५८ साली चिली देशातून जर्मनीत आणलेल्या ऑर्किडच्या झाडांवर डोसे या संशोधकाला एक चपळ, नारिंगी रंगाचा कोळी आढळला. तोच आज फायटोसेइयुलस पर्सिमिलिस या नावाने प्रसिद्ध आहे. तो पान खात नाही. त्याचा आहार म्हणजे लाल कोळी आणि त्याचे जातभाई. ते संपले की तोही उपाशी मरतो. अनुकूल हवेत त्याची पिढी भक्ष्याच्या पिढीपेक्षाही लवकर पुरी होते. गंमत अशी की या शिकाऱ्याला डोळे नाहीत. मग तो शिकार शोधतो कशी? १९८० नंतरच्या दशकात हॉलंडमध्ये डिके आणि साबेलिस या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कोळ्याने चावलेले पान विशिष्ट गंध सोडते आणि त्या गंधाच्या रोखाने हा आंधळा शिकारी चालत येतो. झाड मुके असते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते आपल्या परीने हाका मारीत असते. फवारणी करून हाकेला धावणारे मारून टाकले, तर दोष झाडाचा नाही.

हा शोध प्रयोगशाळेतून व्यवहारात आणणाऱ्यांत एक शेतकरी होता. हॉलंडमधील काकडी-उत्पादक यान कोपर्ट यांना फवारणीच्या औषधांचा शारीरिक त्रास होऊ लागला. धंदा सोडायचा की औषध सोडायचे, असा पेच पडला. त्यांनी औषध सोडले आणि १९६७ साली परभक्षी कोळी वाढविण्यास सुरुवात केली. पुढे त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उलटीच रीत मांडली: आधी लाल कोळीच हाताने सगळ्या झाडांवर थोडाथोडा सोडायचा आणि मग त्याचा शत्रू सोडायचा! शेतकऱ्यांना ही शुद्ध वेडगळ कल्पना वाटली असल्यास नवल नाही. पण हिशेब चोख होता. कोळी केव्हा आणि कोणत्या कोपऱ्यात उगवेल याची वाट पाहण्यापेक्षा तो सर्वत्र, थोडा आणि एकाच वेळी असला, म्हणजे शिकाऱ्यालाही सर्वत्र अन्न मिळते आणि दोघांचा तोल बसतो.

तरीही पुष्कळ शेतकरी बाटलीलाच धरून राहिले. त्यांना हलविले ते दोन गोष्टींनी. पहिली गोष्ट भुंग्यांची. टोमॅटोचे परागीभवन हाताने करावे लागे. १९८५ च्या सुमारास बेल्जममधील डी योंगे या पशुवैद्यांच्या ध्यानात आले की ते काम बम्बलबी जातीचे भुंगे उत्तम करतात. दोन-तीन वर्षांत भुंग्यांच्या पेट्या घरोघर गेल्या, आणि भुंगा मरेल या धास्तीने शेतकऱ्याने फवारणीचा हात आखडला. दुसरी गोष्ट बाजाराची. स्पेनच्या दक्षिणेस अल्मेरिया प्रांतात सुमारे तीस हजार हेक्टर जमीन प्लॅस्टिकच्या घरांनी झाकलेली आहे. तेथे वर्षानुवर्षे सल्लागार सांगत होते, ऐकणारे थोडे होते. २००६ च्या अखेरीस तेथून आलेल्या ढोबळी मिरचीत परवानगी नसलेल्या एका औषधाचा अंश जर्मनीत सापडला. गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तेथील मिरचीचे बहुतेक क्षेत्र परभक्षी कोळी आणि ढेकूण यांच्या स्वाधीन झाले. जे वीस वर्षांच्या उपदेशाने झाले नाही ते गिऱ्हाइकाच्या एका नकाराने झाले. ही गोष्ट शहरातील श्रोत्यांनी मनात जपून ठेवावी. शेवटी आम्ही तिच्याकडे येणार आहो.

आता आपल्या घरी काय? येथे परदेशी नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. पर्सिमिलिसला सौम्य, दमट हवा मानवते. तीस अंशांच्या वर आणि कोरड्या हवेत तो मंदावतो. आपल्याकडे मार्च ते मे महिन्यांत प्लॅस्टिकखाली जी भट्टी पेटते, तीत त्याचा निभाव लागणे अवघड. पण आपल्याच भूमीत निओसेइयुलस लाँजिस्पायनोसस नावाचा परभक्षी कोळी आहे, आणि आपल्या संशोधकांनी गुलाब-कार्नेशनवर त्याचे प्रयोग केले आहेत. काट्याने काटा काढण्याची ही विद्या आपणांस नवीन नाही. २००८ साली कोइमतूरला प्रथम दिसलेला पपईचा पिठ्या ढेकूण २०१० पर्यंत पुणे परिसरात पोचला आणि त्याने बागा उजाड केल्या. त्याच वर्षी पोर्टो रिकोहून त्याच्या शत्रूची, एका सूक्ष्म गांधीलमाशीची, आयात करून ती सोडण्यात आली, आणि ती कीड आटोक्यात आली.

परंतु परभक्षी आणण्यापूर्वी जे करायचे ते अधिक महत्त्वाचे आहे, आणि त्यास फारसा पैसा लागत नाही. पहिले काम पाहण्याचे. दहापट दाखविणारे भिंग गळ्यात अडकवून आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाहावी. सगळे घर पाहायला नको. कोळी आधी कोठे बसतो ते ठरलेले आहे. दाराजवळ, वाटेकडेच्या गादीवाफ्यावर, जेथे ऊन तापते आणि फॉगरचे तुषार पोचत नाहीत अशा कोरड्या कोपऱ्यात, आणि गुलाबात खाली वाकवून ठेवलेल्या फांद्यांच्या आडोशाला. जेथे सापडेल तेथे काठी रोवून खूण करावी. ती पाने खुडून पिशवीत बांधून बाहेर न्यावी. उघड्या पाटीतून घरभर मिरवीत नेऊ नयेत. कामाचा क्रम निरोगी वाफ्यांपासून रोगट वाफ्यांकडे असावा, कारण कोळ्याला पंख नसले तरी सदऱ्याची बाही असते. आतले आणि भोवतालचे तण काढावे. नत्राचा मारा आवरावा. लुसलुशीत पान कोळ्याला मेजवानीच असते.

दुसरे काम पाण्याचे. पानाखाली जोराने पाणी मारले की कोळी आणि जाळी दोन्ही धुऊन जातात. मात्र हे सकाळी करावे, पाने दुपारपर्यंत सुकली पाहिजेत; नाहीतर गुलाबावर डाऊनी आणि फुलकुज हजर होतात. एका संकटाला घालवताना दुसऱ्याला आवतण देऊ नये.

औषध मुळीच मारू नये असे आमचे म्हणणे नाही. घर वाचवायचे असेल तर प्रसंगी मारावे लागते. पण ते कोळीनाशक असावे, कोळी दिसला तेथेच मारावे, पानाच्या खालून मारावे, आणि पुढच्या खेपेस नाव बदलून उपयोग नाही, औषधाचा वर्ग बदलला पाहिजे. दुकानात दोन निराळ्या डब्यांत एकच मात्रा असू शकते. परभक्षी सोडायचे असतील तर त्यांना मारणाऱ्या औषधांचा अंश पानांवरून जाईपर्यंत थांबावे. नाहीतर पाहुण्याला जेवायला बोलावून ताटात विष वाढल्यासारखे होईल.

आणि त्या बंद घरात माणसेही असतात, याचा आपणांस विसर पडू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. ते तर उघडे रान होते. प्लॅस्टिकच्या घरात वारा खेळत नाही. फवारलेले तेथेच रेंगाळते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाफ्यांतून कळ्या खुडायला ज्या बाया जातात, त्यांच्या हातांत पुष्कळदा मोजेही नसतात. डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत आत कोणी जाऊ नये, हा नियम कागदावर आहे. तो पाळायचा तर दोन दिवसांची खुडणी बुडते, आणि ऑर्डर तर उद्याची असते. कोळ्याचा प्रश्न हा असा शेवटी मजुरीचा आणि श्वासाचा प्रश्न होतो.

ती उद्याची ऑर्डर कोणाची असते? आपली असते. एका पानावर चार टिपके दिसले तर आपण गुच्छ परत करतो. मिरचीला आरशासारखी चकाकी नसली तर हात मागे घेतो. डाग नसलेले पान आपल्याला मिळते ते पुष्कळदा डाग पडू नये म्हणून आधीच मारलेल्या फवाऱ्याच्या बळावर, आणि तो फवारा कोणाच्या तरी छातीत गेलेला असतो. अल्मेरियाच्या शेतकऱ्याला गिऱ्हाइकाने हलविले, हे आपण ऐकले. तेथे गिऱ्हाईक "यात काय मारले?" असे विचारू लागले. आपल्याकडचे गिऱ्हाईक अजून "यावर डाग का?" एवढेच विचारते. हा प्रश्न ज्या दिवशी बदलेल, त्या दिवशी मावळातल्या शेतकऱ्याला भिंग हातात घेणे परवडू लागेल.

आरंभ तरी आपल्या गच्चीवरून करता येईल. उद्या सकाळी आपल्या कुंडीतल्या गुलाबाचे एक पान उलटे करून पाहा. या उन्हात तेथे तो भेटण्याचा संभव बराच आहे. भेटला तर बाटली आणण्यासाठी दुकानाकडे धावू नका. पाने खालून पाण्याने धुवा, फार झालेली खुडून टाका, तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहा. त्यांच्यात एखादा चपळ, तुरुतुरु धावणारा कोळी दिसला तर त्याला सुखाने राहू द्या. तो आपल्या बाजूचा आहे.